जेलवरचा पट्टा आकड्यात कसा उतरतो

सातपुड्याच्या कुशीतल्या धडगाव, अक्कलकुवा किंवा तळोदा तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी होते, तेव्हा अनेकदा बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर आधी विद्राव्यता चाचणी केली जाते. नळीतले द्रावण गढूळ झाले की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते. ते मूल केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष आजारी आहे, हे मात्र त्या गढूळपणावरून सांगता येत नाही, आणि आईवडिलांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथे इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या पद्धतीने रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिने एकमेकांपासून वेगळी केली जातात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, त्यामुळे नंदुरबार-धुळ्याकडच्या घराघरांत या चाचणीचे नाव पोहोचले आहे. परंतु जेलवर (म्हणजे जेलीसारख्या मऊ थरावर) किंवा पट्टीवर उमटलेल्या रंगीत पट्ट्यांवरून अहवालातला टक्क्यांचा आकडा कसा तयार होतो, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. तो आकडा देणाऱ्या प्रकाशीय स्कॅनरचे, म्हणजे डेन्सिटोमीटरचे, काम आणि त्याच्या मर्यादा या लेखात पाहू.

आधी पट्टे कसे तयार होतात ते थोडक्यात पाहायला हवे. प्रथिनांच्या रेणूंवर विद्युतभार असतो आणि तो भोवतालच्या द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असतो. ८.६ च्या आसपास पीएच (आम्लतेचे माप) असलेल्या, म्हणजे क्षारधर्मी, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हिमोग्लोबिन या प्रथिनावर ऋणभार असतो, म्हणून विद्युतप्रवाह सुरू करताच ते धन टोकाकडे सरकू लागते. सिकल हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर नसतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत बीटा साखळ्या दोन, त्यामुळे सिकल हिमोग्लोबिनचे दोन ऋणभार कमी पडतात आणि ते नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे राहते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली नेमका हा मागे राहण्यातला फरक दाखवून सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्राम यांनी तो फरक एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला.

सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर अर्ध्या-पाऊण तासात ही शर्यत पूर्ण होते. धन टोकाकडून मोजत आले तर सर्वांत पुढे नेहमीचे हिमोग्लोबिन ए, मग गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ, त्यामागे सिकलचे एस आणि सर्वांत मागे अगदी थोड्या प्रमाणात असणारे ए-२ असा क्रम लागतो. पट्टी पॉन्सो-एस या लाल रंजकात बुडवून काढली आणि जादा रंग धुऊन टाकला की आखूड, आडव्या लाल रेघा दिसू लागतात. वाहकाच्या नमुन्यात ए आणि एस अशा दोन ठळक रेघा असतात. दोन्ही पालकांकडून सिकलचे जनुक मिळालेल्या आजारी व्यक्तीच्या नमुन्यात एसची रेघ ठळक असते आणि एची रेघ नसतेच.

इथपर्यंत डोळे पुरेसे आहेत, आणि अनुभवी तंत्रज्ञ केवळ पाहून बहुतेक नमुन्यांचे निदान बरोबर करतात. अडचण येते ती दोन्ही रेघा हजर असतात पण त्यांचे प्रमाण महत्त्वाचे असते तेव्हा. साध्या वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असते आणि एस साधारणपणे ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात असते. एखाद्याला एका पालकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून सौम्य बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे बीटा साखळ्या कमी तयार होण्याच्या आनुवंशिक दोषाचे, जनुक मिळाले असेल, तर त्याच्या पट्टीवरही ए आणि एस या दोनच ठळक रेघा दिसतात. फक्त एस जास्त आणि ए कमी असते. पहिला माणूस निरोगी वाहक, दुसरा रुग्ण. दोन लाल रेघांपैकी जास्त गडद कोणती, हे डोळ्याने ठरवताना आपण फसतो, कारण डोळा गडदपणाची तुलना शेजारच्या पार्श्वभूमीशी करतो. शिवाय अरुंद आणि गडद रेघ रुंद पण फिकट रेघेपेक्षा जास्त वाटते, प्रत्यक्षात दोन्हींत प्रथिन सारखेच असले तरी.

डेन्सिटोमीटरची रचना तशी साधी आहे. एका बाजूला दिवा, त्याच्यापुढे हव्या त्या रंगाचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, मग एक अरुंद फट, त्यानंतर पट्टी आणि पट्टीच्या पलीकडे प्रकाश मोजणारा डिटेक्टर. पॉन्सो-एसचा लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून फिल्टर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा निवडतात. लाल रेघेवर लाल प्रकाश टाकला तर तो जवळजवळ तसाच पार होईल आणि यंत्राला रेघ दिसणारच नाही. पट्टी आधी एका द्रावणात बुडवून आणि तापवून काचेसारखी पारदर्शक करून घेतात, कारण पांढरी अपारदर्शक पट्टी स्वतःच प्रकाश विखुरते. मग पट्टी फटीसमोरून हळूहळू सरकते, प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश आरपार आला हे डिटेक्टर नोंदवत जातो आणि त्यातून चढउतारांचा आलेख तयार होतो. प्रत्येक रेघेचे एक शिखर होते आणि शिखराखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या रेघेतल्या प्रथिनाचे माप धरले जाते.

यंत्राच्या आत या मार्गावर एक पायरी अशी आहे की ती वगळली तर पुढचे सगळे गणित चुकते. रंजकाचे प्रमाण दुप्पट झाले म्हणून पलीकडे पोहोचणारा प्रकाश निम्मा होत नाही. पहिल्या थराने शंभर भागांतले दहा भाग पुढे जाऊ दिले, तर तेवढाच दुसरा थर त्या दहा भागांतला दहावा हिस्सा, म्हणजे एकच भाग पुढे सोडेल. तिसरा थर त्याचाही दहावा हिस्सा सोडेल. म्हणून पार आलेल्या प्रकाशाचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो: १० टक्के प्रकाश आला तर ऑप्टिकल डेन्सिटी (गडदपणाचे माप) १, एक टक्का आला तर २, एक सहस्रांश आला तर ३. हा लॉगॅरिदम घेतला की थर दुप्पट तर आकडाही दुप्पट, असा सरळ हिशोब जमतो. प्रथिनाच्या प्रमाणात वाढणारी राशी ऑप्टिकल डेन्सिटी आहे, डिटेक्टरवर पडणारा प्रकाश नव्हे.

हा लॉगॅरिदम कधी घेतला जातो, हे विशेष लक्ष देऊन समजून घ्यायला हवे, कारण फट अरुंद का ठेवायची याचे कारण त्यातच आहे. समजा, फट रुंद आहे आणि एका क्षणी तिच्या अर्ध्या भागासमोर गडद रेघ तर अर्ध्या भागासमोर स्वच्छ पट्टी आहे. रेघेची खरी डेन्सिटी २ आणि स्वच्छ भागाची ०, म्हणजे सरासरी १ यायला हवी. डिटेक्टर मात्र डेन्सिटीची नव्हे, प्रकाशाची सरासरी घेतो. स्वच्छ भागातून पूर्ण प्रकाश, गडद भागातून शंभरावा हिस्सा, सरासरी ५०.५ टक्के. त्याचा लॉगॅरिदम घेतला तर यंत्र ०.३० दाखवते. अपेक्षा १ ची होती. आता त्या रेघेत प्रथिन दुप्पट असते, म्हणजे तिची डेन्सिटी ४ असती, तरीही गडद भागातून येणारा प्रकाश नगण्यच राहिला असता आणि आकडा ०.३० वरच थांबला असता. खिडकीच्या अर्ध्या भागावर जाड पडदा ओढला की खोलीतला उजेड निम्मा होतो. त्यावर दुसरा तितकाच जाड पडदा टाकला तरी उजेडात फरक पडत नाही, कारण उरलेली अर्धी खिडकी उघडीच असते. डिटेक्टरची अवस्था त्या खोलीतल्या माणसासारखी होते.

यावरून फट रेघेच्या रुंदीपेक्षा बरीच अरुंद हवी, हे उघड आहे. तसे केले की प्रत्येक क्षणी फटीसमोर साधारण एकाच गडदपणाचा भाग येतो, त्याचा लॉगॅरिदम लगेच घेतला जातो आणि बेरीज त्यानंतर होते. फटीची लांबीही रेघेच्या लांबीपेक्षा थोडी कमीच ठेवतात, म्हणजे रेघेच्या कडांपलीकडची स्वच्छ पट्टी तिच्यात येत नाही. रेघ वाकडी किंवा ओरखडलेली असेल, नमुना लावताना थेंब पसरला असेल, तर सरळ फटीसमोर ती कधीच नीट बसत नाही आणि कितीही महागडे यंत्र असले तरी आकडा बिघडतो. नमुना लावणारा हात स्थिर असणे, हे माझ्या मते या सगळ्या मोजणीतले सर्वांत कमी चर्चेत असलेले आणि सर्वांत मोलाचे कौशल्य आहे.

आलेख तयार झाला तरी आकडा अजून तयार झालेला नसतो. शिखरांच्या तळाशी आधाररेषा आखावी लागते आणि दोन शिखरांच्या मधल्या दरीत छेदरेषा टाकून कोणते क्षेत्र कोणाचे हे ठरवावे लागते. यंत्र हे आपोआप करते, परंतु आपोआप केलेले नेहमी बरोबर असतेच असे नाही. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. एका नमुन्यात ए चे खरे क्षेत्रफळ ९७० एकक आणि ए-२ चे ३० एकक आहे. म्हणजे ए-२ बरोबर ३ टक्के, अगदी सर्वसामान्य. पट्टी नीट धुतली गेली नाही, पार्श्वभूमीवर हलका गुलाबी रंग राहिला आणि आधाररेषा थोडी खाली आखली गेली, त्यामुळे प्रत्येक शिखरात २० एकक जादा मिसळले. आता ए ९९० आणि ए-२ ५० एकक. ए चा वाटा ९७ वरून ९५.२ टक्क्यांवर येतो, जे कोणाच्या लक्षातही येणार नाही. ए-२ मात्र ३ वरून ४.८ टक्क्यांवर जाते. ए-२ चे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेले की बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्याची शंका घेतली जाते. न धुतलेल्या थोड्याशा रंगाने एका निरोगी माणसाला वाहक ठरवले, आणि तेही लग्नाची बोलणी चालू असताना ठरवले गेले असेल तर त्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे वेगळे सांगायला नको. याच कारणाने ए-२ सारख्या लहान घटकाची मोजणी पट्टीच्या स्कॅनवरून करू नये असे रक्तशास्त्रात मानले जाते. ए आणि एस यांच्यासारख्या मोठ्या घटकांसाठी मात्र ती बऱ्यापैकी विश्वासार्ह असते.

खान्देशातल्या भिल्ल आणि पावरा समाजांच्या नमुन्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भारतातल्या आदिवासींमध्ये सिकलचे जनुक ज्या वाणाचे आढळते, त्यात आजारी व्यक्तींच्या रक्तातही एफ चे प्रमाण बरेच जास्त असू शकते. एफ ची जागा ए आणि एस यांच्या मधोमध, ए च्या लगतच असते. पट्टीवरचे अंतर अपुरे पडले किंवा रेघा पसरल्या, तर हे एफ शिखर ए समजले जाण्याचा धोका असतो, आणि मग आजारी मुलाला वाहक म्हटले जाते. ही चूक उलट्या चुकीपेक्षा घातक, कारण त्या मुलाचे उपचार सुरूच होत नाहीत. तान्ह्या बाळांमध्ये तर एफ नैसर्गिकरीत्याच सर्वाधिक असते. म्हणून प्रत्येक पट्टीवर ए, एफ, एस आणि सी (आणखी एक बदललेले हिमोग्लोबिन) ही चारही हिमोग्लोबिने असलेला नियंत्रण नमुना शेजारच्या रांगेत लावतात आणि अनोळखी शिखराची जागा त्याच्याशी पडताळतात. तरीही शंका उरलीच तर ६.२ च्या आसपासच्या आम्लधर्मी पीएचवर सायट्रेट अगार या जेलवर तोच नमुना पुन्हा चालवतात. तिथे एफ इतरांपासून स्पष्ट वेगळे होते, आणि क्षारधर्मी पट्टीवर एस च्याच जागी येणारे हिमोग्लोबिन डी हे दुसरे बदललेले रूप सुद्धा एस पासून बाजूला सरते. अलीकडे रक्त चढवले असेल तर रक्तदात्याचे ए पट्टीवर दिसते, म्हणून ती माहिती अर्जावर लिहिलेली असणे आवश्यक आहे.

उन्हाळ्याचाही इथे थेट संबंध येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बफर गरम झाला की विद्युतप्रवाह वाढतो, प्रवाहाने पट्टी आणखी तापते, पाण्याची वाफ होते आणि रेघा पसरतात. पसरलेल्या रेघेचे क्षेत्रफळ तेवढेच राहते, परंतु शेजारच्या दोन शिखरांमधली दरी उथळ होते आणि छेदरेषा कुठे टाकावी याचा भरवसा राहत नाही. बफर शीतकपाटातून काढून लगेच वापरणे आणि व्होल्टेज थोडे कमी ठेवणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत. धुळीचा कण पट्टीवर बसला तर स्कॅनमध्ये सुईसारखे टोकदार, कोणत्याही खऱ्या रेघेपेक्षा अरुंद शिखर येते. ते ओळखायला शिकावे लागते. वीज गेल्यानंतर दिवा पुन्हा लावला की तो स्थिर व्हायला वेळ लागतो आणि तोवर आधाररेषा एका दिशेने सरकत राहते, म्हणून स्कॅनची घाई करू नये.

डीएनएच्या जेलची गोष्ट बरीच वेगळी आहे. रावेर-यावल भागातल्या केळीवर येणाऱ्या हरण्या रोगाचे, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचे, निदान करताना पानातला विषाणूचा आरएनए डीएनएत रूपांतरित करून त्याच्या असंख्य प्रती काढतात आणि त्या अगारोज जेलवर चालवतात. इथे रंजक प्रकाश शोषून गडद दिसत नाही, तर स्वतः चमकतो. इथिडियम ब्रोमाइड डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरते, खालून ३०२ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडले की ते नारिंगी प्रकाश बाहेर टाकते, आणि वरचा कॅमेरा फिल्टरमधून फक्त तो नारिंगी प्रकाश टिपतो. हा प्रकाश काही मर्यादेपर्यंत डीएनएच्या थेट प्रमाणात असतो, त्यामुळे लॉगॅरिदम लागत नाही. धोका दुसऱ्या टोकाला असतो: कॅमेऱ्याला जास्त वेळ उघडा ठेवला तर ठळक पट्ट्यांच्या ठिकाणी सेन्सर भरून जातो, शिखराचा माथा सपाट होतो आणि त्यापुढे डीएनए कितीही असले तरी आकडा तोच येतो. जेल डॉक्युमेंटेशनच्या संगणकावर असे भरलेले बिंदू वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय बहुधा असते आणि ती कायम चालू ठेवावी. इथिडियम ब्रोमाइड जनुकीय बदल घडवू शकणारे रसायन आहे आणि अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात. हातमोजे आणि डोळ्यांसह चेहरा झाकणारे अतिनीलरोधक आवरण यांना पर्याय नाही. निळ्या प्रकाशात चमकणारे नवे रंजक वापरले तर निदान अतिनील किरणांचा धोका टळतो.

केळीच्या या चाचणीत शेतकऱ्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे रोग किती लागला आहे. जेलवरच्या पट्ट्याच्या तेजावरून त्याचे उत्तर देता येत नाही. तीस-चाळीस फेऱ्यांनंतर प्रती काढण्याची क्रिया साहित्य संपत आल्याने मंदावते, त्यामुळे सुरुवातीला विषाणू थोडा असो वा भरपूर, शेवटी पट्टा जवळजवळ सारखाच तेजस्वी येतो. इथे स्कॅनर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगतो, आणि जेलचे चित्र कितीही सुंदर आले तरी त्याच्याकडून जास्त अपेक्षा करू नये.

महाविद्यालयांत डेन्सिटोमीटर नसतो आणि कार्यालयीन कामाचा सपाट स्कॅनर असतो, म्हणून विद्यार्थी कुमासी या निळ्या रंजकाने रंगवलेले प्रथिनांचे जेल त्यावरच स्कॅन करतात. ते करायला हरकत नाही, परंतु काही गोष्टी जाणून घेऊन करावे. जेलच्या पाठीमागून प्रकाश सोडणारे झाकण असलेला स्कॅनर असेल तर उत्तम. नाहीतर परावर्तित प्रकाश जेलमधून दोनदा जातो आणि पृष्ठभागावरची चमक त्यात मिसळते. साध्या ८ बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. ऑप्टिकल डेन्सिटी १ असलेल्या पट्ट्यासाठी त्यातली पंचविसावी छटा वाट्याला येते आणि २ असलेल्या पट्ट्यासाठी दुसरी-तिसरी; म्हणजे सर्वांत गडद पट्ट्यांमधला फरक दाखवायला यंत्राकडे जागाच उरत नाही. १६ बिटमध्ये तोच पट्टा ६५५ व्या छटेवर येतो आणि फरक मोजता येतो. त्यातही कार्यालयीन स्कॅनर चित्र डोळ्यांना छान दिसावे म्हणून छटा आतल्या आत बदलतो, कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवतो. ही सगळी सजावट बंद करावी आणि चित्र जेपीईजीत न साठवता टिफमध्ये साठवावे, कारण जेपीईजी लहान फायलीसाठी बारीक तपशील टाकून देते आणि ते नेमके पट्ट्यांच्या कडांवर घडते.

यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे पायरीपट्टी: प्रत्येक पायरीला ठरावीक, उदाहरणार्थ ०.१५ ने, डेन्सिटी वाढत जाणारा पारदर्शक फिल्मचा तुकडा. तो जेलच्या शेजारी ठेवून एकाच वेळी स्कॅन करायचा, प्रत्येक पायरीची ज्ञात डेन्सिटी आणि स्कॅनरने दिलेली छटा यांचा आलेख काढायचा आणि त्यावरून जेलच्या छटा डेन्सिटीत बदलायच्या. इमेजजे या मोफत उपलब्ध असलेल्या संगणक प्रणालीत ही सोय आहे. पायरीपट्टीच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या स्कॅनरला एकसारख्याच दिसत असतील, तर तेवढा गडद कोणताही पट्टा मोजायचा नाही, नमुना पातळ करून जेल पुन्हा चालवायचे. कुमासीबाबत आणखी एक सावधगिरी: हे रंजक मुख्यतः आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांना चिकटते, त्यामुळे दोन वेगळ्या प्रथिनांचे पट्टे सारखेच गडद असले तरी त्यांची वजने सारखी असतील असे नाही. एकाच प्रथिनाची वेगवेगळ्या नमुन्यांत तुलना करणे योग्य. दोन भिन्न प्रथिनांची एकाच रांगेत तुलना करताना हात आखडता ठेवावा.

मोठ्या तपासणी केंद्रांत आता हिमोग्लोबिनसाठी एचपीएलसी (नमुना दाबाने स्तंभातून ढकलून त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणारी पद्धत) आणि केशनलिकेतील इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धती रुळल्या आहेत. दोन्हींत ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश वापरतात. त्या तरंगलांबीला हिमोग्लोबिन स्वतःच प्रचंड प्रकाश शोषते, म्हणून रंजक, धुणे आणि पार्श्वभूमीचा गुलाबीपणा या सगळ्यांपासून सुटका होते आणि ए-२ चा आकडाही विश्वासाने देता येतो. तरीही एचपीएलसीत हिमोग्लोबिन ई हे बदललेले रूप ए-२ च्याच वेळेला बाहेर पडते आणि ए-२ अवास्तव वाढलेले दिसते. केशनलिकेत ती दोन वेगळी होतात. म्हणून एका पद्धतीत सापडलेले वेगळे हिमोग्लोबिन दुसऱ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय त्याचे नाव अहवालात पक्के करत नाहीत, आणि त्या पडताळणीसाठी जुनी क्षारधर्मी पट्टी व सायट्रेट अगार आजही वापरले जातात.